पातळ उजेडाचं नाव

आमच्या घरातला उजेड नक्की कुठल्या दिवशी पातळ झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. दूधवाला काही एकदम तांब्याभर पाणी ओतत नाही. आज पळीभर, पुढच्या आठवड्यात आणखी पळीभर, आणि मग एक दिवस आपण पातेल्यात वाकून बघतो आणि म्हणतो, अगं बाई, हे निळं कसं दिसतंय? उजेडाचं तसंच झालं. दिवा गेला असता तर आरडाओरडा तरी केला असता. दिवा होता. बटण दाबलं की लागत होता. फक्त संध्याकाळी सहानंतर त्याच्यात जीव नसायचा. तापातून उठलेल्या माणसासारखा पिवळट चेहरा करून तो छताला लटकलेला असायचा.

आणि गंमत अशी, की त्याला बोल लावावा हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, बल्बवर काजळी बसली. मी स्टुलावर चढून तो तीनदा पुसला. आमच्या ह्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. हे छापखान्यात मुद्रितशोधक होते, रात्रीच्या जेवणाआधी दोन तास घरी बसून मुद्रितं तपासायचे. सत्तावीस नंबरचं पान एका पाठ्यपुस्तकात दोनदा आलं आणि ते ह्यांना दिसलं नाही, त्या दिवसापासून हे घरात अपराध्यासारखे वावरू लागले. आणि सासूबाईंना वाटलं, आपले डोळे गेले.

सासूबाई काजं करायच्या. कोटाची काजं, हाताने. आज हे सांगितलं तर माझी नात विचारते, हातानं कशाला? पण ज्यांनी त्यांचं काज पाहिलंय ते असा प्रश्न विचारणार नाहीत. पात्यानं कापड चिरायचं, कडेला जाड दोरा धरायचा आणि त्यावर टाक्याला टाका चिकटवत जायचं, टोकाशी डोळ्यासारखा गोल वळसा घ्यायचा. मी चाळीस वर्षं त्यांच्या बाजूला बसले, तरी तो वळसा त्या नेमक्या कुठे घेतात हे मला कळलं नाही. बघता बघता झालेला असायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो शिंपी होता, तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "खूण माझी, काज मावशींचं." तो खडूनं खुणा करायचा, दिवस मावळता कोट आमच्याकडे धाडायचा, आणि सकाळी काजांसकट परत न्यायचा.

एक दिवस एक काळा कोट परत आला. शिंपी स्वतः घेऊन आला होता. दारातच उभा राहिला, चपला काढेना.

"मावशी, राग नका मानू. काजं एका ओळीत नाहीत. दुसरं खाली घसरलंय."

सासूबाईंनी कोट दिव्याखाली धरला, जवळ नेला, लांब नेला. मग तो घडी करून कपाटात ठेवला. वर सुयांची डबी आणि बोटात घालायचं अंगुस्तान ठेवलं.

"पुढच्या पहिल्या तारखेपासून दुसरं माणूस बघ," त्या म्हणाल्या. "माझे डोळे संपले."

शिंपी "नाही हो मावशी" म्हणाला, पण फार जोरात म्हणाला नाही. तो गेल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. हात मांडीवर. मी लग्न होऊन आल्यापासून ते दोन हात रिकामे असे कधी पाहिले नव्हते. महिना संपायला पंचवीस दिवस होते.

आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हमरस्त्याच्या पलीकडे त्यांचा दवाखाना, भिंती पांढऱ्या, दिवे लख्ख. डॉक्टरांनी तक्ता दाखवला. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत सगळा वाचला, आणि मग तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"आजी, ते तर मलाही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमचे तपासून घ्या," सासूबाई म्हणाल्या.

घरी येताना मात्र म्हणाल्या, "गोड बोलला बिचारा. म्हातारीला कोण खरं सांगतं?" आणि घरात आल्या, दिव्याखाली बसल्या, सुईत दोरा ओवायला गेल्या, आणि ओवता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. घरात पडत नव्हता, निदान डोक्यात तरी पडला. म्हटलं, अहो, तिथं दिसतं आणि इथं दिसत नाही, तर खोट आईंच्या डोळ्यांत कशी? खोट आपल्या दिव्यात आहे!

एवढं मी बोलले मात्र, तेवढ्यात घरात सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ, की माझ्या डोक्यात आलेलं शेजारी ऐकू जायचं.

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "शंभराचा बल्ब लाव. साठाचा लावून कुणाचं भलं झालंय?" लावला. मोठ्या घागरीत तेवढंच पाणी ओतल्यासारखं झालं. काकूंनी स्वतःच्या घरीही शंभराचा लावला होता, हे मला मागाहून कळलं. गल्लीतल्या बहुतेकांनी लावला होता आणि त्यामुळे सगळ्यांचाच उजेड आणखी खाली गेला होता, हे त्याहून मागाहून.

समोरचे मोजणीदार निवृत्त झाले होते, पण फीत खिशातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी बल्बपासून जमिनीपर्यंत मोजलं आणि निकाल दिला, "दोन फूट वर आहे." ह्यांनी वायर सोडून बल्ब खाली घेतला. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं डोकं बल्बवर आपटलं, ह्यांचं दोनदा, कारण हे विचार करत चालायचे. कपाळावर टेंगूळ आलं. मग कुणीतरी म्हणालं, मागे आरसे लावा, उजेड दुप्पट होतो. ह्यांनी पाच आरसे गोळा करून भिंतीला टांगले. बटण दाबलं. एका मरतुकड्या दिव्याचे सहा मरतुकडे दिवे झाले, आणि प्रत्येक आरशात टेंगूळ आलेले हे.

"बाळ," सासूबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "एक पुरे होतास रे."

शेवटी आम्ही दोघं वीज कचेरीत गेलो. मी मुद्दाम इस्त्रीची साडी नेसले होते. तक्रार करायची तर आपण तक्रारखोर दिसता कामा नये, असं माझं तेव्हा मत होतं. खिडकीमागे काळ्या कोटातले एक गृहस्थ बसले होते. पुढे दोन जाडजूड वह्या. एकीवर लिहिलं होतं 'दिवे गेले', दुसरीवर 'दिवे आले'.

"गेले का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग आले." त्यांनी दुसरी वही ओढली.

"आले, पण पुरते आले नाहीत."

आता त्यांनी वर पाहिलं. "बाई, पाहुणा दारात उभा असला तरी आपण आला म्हणतो की नाही?"

"दारात उभ्या पाहुण्याच्या उजेडात सुई ओवता येत नाही हो!"

रांगेतली माणसं हसली. खिडकीवाले हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या वहीच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर छापलं होतं, 'इतर, दोषाचे स्पष्ट नाव लिहावे'. मी लिहिलं, 'उजेड बारीक'. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मागचा एक जण म्हणाला, "खायला घाला की त्याला." माझी इस्त्रीची साडी तिथेच चुरगळल्यासारखी झाली.

"हे नाव नाही, वर्णन आहे," खिडकीवाले म्हणाले. "दोषाचं नाव आणा. मान्य पुस्तकातलं."

दुसरा कुणी संतापला असता. आमचे हे मात्र उजळले. त्या महिन्यात आमच्या घरचं उजळलेलं ते एकच. शब्द आणा असं कुणी सरकारी माणसानं त्यांना आयुष्यात प्रथमच सांगितलं होतं. छापखान्यातून रजा काढून हे वाचनालयात जाऊन बसले. तिथला मोठा इंग्रजी शब्दकोश उचलायला दोन माणसं लागायची आणि तो बाहेर न्यायची परवानगी नव्हती. तीन दिवस हे दिवा, ज्योत, अंधार, मंद, अशा वाटांनी त्यात हिंडले. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते धावत. दम लागलेला. चपला पायातच.

"सापडला," हे म्हणाले. "ब्राउनआउट."

हे त्या सहा पिवळ्या दिव्यांखाली उभे राहून सांगू लागले, आणि माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवतो. म्हणाले, दिवे पुरते जातात त्याला ब्लॅकआउट म्हणतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण दिवा जात नाही, राहतही नाही, वीज अर्ध्या दमानं येते आणि उजेड तपकिरी पडतो, त्यालाही एक शब्द आहे. कोशात आहे. अर्थ दिलेत, वाक्यात वापरून दाखवलाय. कुठल्या तरी दूरच्या गावात कुणीतरी आपल्यासारखंच अशा उजेडात बसलं असेल, डोळे चोळले असतील, आणि त्याला वाटलं असेल, याला काहीतरी म्हटलं पाहिजे.

सासूबाई भिंतीकडून हळूच वळल्या.

"याला नाव आहे?"

"आहे, आई."

"मग हे आपल्याच घरी नाही तर."

मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण त्या एका वाक्याइतकं शहाणपण फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं दुखणं उतरतं. नाव आहे म्हणजे ते आणखी कुणाला तरी झालेलं आहे.

आणि खरंच तसं निघालं. दुसऱ्या दिवशी मी तो शब्द जिन्यात वरच्या काकूंना सांगितला, तर त्या पायरीवर मटकन बसल्या. "अगं, मी सहा महिन्यांत दोनदा चष्मा बदलला! कुणाला सांगू, म्हातारी झाले म्हणून?" मोजणीदारांनी संध्याकाळचा पेपर बंद केला होता. बातम्यांत काही राम राहिला नाही, असं ते सर्वांना सांगायचे. आता म्हणाले, "बातम्या ठीक असतील बहुधा. मला दिसत नव्हत्या." घराघरात प्रत्येकजण आपापला दोष झाकून बसला होता. सबंध गल्लीला एकच दुखणं, आणि एकानंही दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहिलं नव्हतं, कारण दुसऱ्याला आपलं दिसेल!

शब्दाचं मग गल्लीत जे झालं ते ह्यांना सोसवेना. काकू आपल्या जावयाबद्दल म्हणाल्या, "धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. ब्राउनआउट आहे नुसता." मोजणीदार आपल्या गुडघ्याबद्दल तसंच म्हणू लागले. हे दारोदार जाऊन सांगायचे, "अहो, हा शब्द फक्त विजेसाठी आहे." कुणी ऐकेना. शब्दाला पाय फुटले की तो मुद्रितशोधकाला विचारून चालत नाही. परवाच नात मोबाइलमध्ये बघून सांगत होती, की आता नोकरीत मन विझत चाललेल्या माणसालाही हाच शब्द वापरतात. म्हणजे काकूंचा जावई काळाच्या पुढे होता. हे असते तर त्यांना मान्य करावं लागलं असतं.

असो. आम्ही शब्द घेऊन कचेरीत गेलो. खिडकीवाल्यांनी तो उलटसुलट न्याहाळला.

"पुरावा?"

ह्यांनी कोशातलं पान हातानं उतरवून आणलं होतं, स्वल्पविरामांसकट.

"ही नक्कल आहे. सहीशिक्क्यानिशी आणा."

शिक्का असलेला आमच्या ओळखीचा माणूस एकच, डोळ्यांचे डॉक्टर. ते दवाखाना बंद करून वाचनालयात आले आणि त्यांनी नकलेखाली लिहून दिलं, 'मूळ शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. माझे डोळे तपासलेले आहेत.' आम्ही पुन्हा कचेरीत. खिडकीवाल्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मान हलवली.

"इथे दोन अर्थ आहेत. एक, इंधन किंवा वीज वाचावी म्हणून मुद्दाम दिवे मंद करणं. दोन, वीज कमी पडल्यामुळे दिवे मंद होणं. पहिला असेल तर ती आमची योजना, तक्रार घेता येत नाही. दुसरा असेल तर तपासणी. तुमचा कुठला?"

"तुम्ही मुद्दाम करता की आपोआप होतं, हे आम्हाला कसं कळणार?" हे म्हणाले.

खिडकीवाल्यांनी दोन्ही अर्थ पुन्हा वाचून पाहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "ते आम्हालाही ठाऊक नाही."

तरी तपासणी लागली. वायरमन आला, पण भर दुपारी बारा वाजता. त्या वेळी गल्लीत कुणाचाच दिवा चालू नसतो. त्यानं मीटर लावलं आणि काटा ऐटीत वर जाऊन उभा राहिला. डॉक्टर दारात आल्यावर ताप उतरतो ना, तसं. "संध्याकाळी या हो," मी विनवलं. "कचेरी पाचला बंद होते," तो म्हणाला आणि कागदावर लिहून गेला, 'दोष आढळला नाही'.

महिन्याचे नऊ दिवस उरले. शिंप्यानं दुसऱ्या गावची एक बाई पाहून ठेवल्याचं कानावर आलं. त्या दिवशी सासूबाई उठल्या, वेणी घातली आणि म्हणाल्या, "मला बघू दे तो खिडकीतला माणूस."

कचेरीत त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या त्याच्या कोटाकडे बघत होत्या. आम्ही दोघं वाद घालत होतो, आणि त्या मध्येच म्हणाल्या, "तुमचं मधलं काज उसवलंय."

खिडकीवाल्यांचा हात चटकन छातीवर गेला.

"यंत्राचं आहे, टिकणार नाहीच. संध्याकाळी सातला घरी या. हातानं घालून देते."

सातला ते आले. कचेरीबाहेर ते बरेच लहान दिसत होते. टेंगूळवाल्या ह्यांनी त्यांना वाकून आत यायला सांगितलं, तरी ते बल्बला धडकलेच. सासूबाईंनी कोट मांडीवर घेतला आणि सुई-दोरा त्यांच्या हातात दिला.

"एवढं ओवून द्या. माझे डोळे गेलेत."

त्यांनी ओवायला घेतला. पहिल्यांदा दोरा बाजूनं गेला. दुसऱ्यांदा त्यांनी टोक ओठात धरून ओलं केलं. तिसऱ्यांदा दिव्याखाली गेले. चौथ्यांदा आरशापाशी. पाचव्यांदा चष्मा काढला, सहाव्यांदा परत लावला. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"हल्ली माझे डोळे... घरीसुद्धा मुलीच्या वहीतलं दिसत नाही. मी कुणाला बोललो नाही."

"कुठं राहता?" सासूबाईंनी विचारलं.

"पलीकडच्याच गल्लीत."

"मग डोळे नाहीत गेले," त्या अगदी हळू म्हणाल्या. "याला नाव आहे. तुमच्या कोटाच्या खिशात असेल बघा."

खिशात ह्यांची नक्कल होती. त्यांनी ती उलगडली, त्या उजेडात वाचायचा प्रयत्न केला, वाचता आली नाही, आणि तेवढ्यानं त्यांची खात्री पटली. कोट आमच्याकडेच ठेवून ते शर्टावर घरी गेले. सकाळी त्यांनी 'इतर' रकान्यात आपल्या हातानं लिहिलं, 'ब्राउनआउट, अर्थ दुसरा, स्वतः अनुभवला'. पुढे जे कळलं त्यानं मी थक्क झाले. नवा ट्रान्सफॉर्मर कचेरीच्या मागच्या आवारात दोन वर्षं पडून होता. त्याच्यावर वेल चढली होती. बसवला का नाही? तर कुणी नाव घेऊन मागितला नव्हता म्हणून.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो बसला. संध्याकाळी आम्ही सगळे अंधारातच थांबलो होतो, बटण दाबायचा धीर कुणाला होईना. शेवटी सासूबाईंनीच दाबलं.

काय सांगू! नुसता उजेड नव्हता तो. भिंत आम्ही करडी समजत होतो, ती हिरवी होती. आम्हीच दिलेला रंग, आम्हीच विसरलो होतो. ह्यांचे कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशी दिसले. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती दिसत होती आणि ती सुंदर होती. वर, खाली, समोर, घराघरातून "अरे!" "अगं!" असे आवाज येत होते. मी हात पुढे करून तळव्यावरच्या रेषा बघत बसले. इतकी वर्षं झाली, बटण दाबलं की अजूनही क्षणभर मला ते आठवतं, आणि हे इतकं सगळं एका तारेतून येतं याचं नवल वाटतं.

"सूनबाई," सासूबाई वर बघत म्हणाल्या, "हे जळमट कधीपासून आहे?"

तेव्हा मात्र मला जुना उजेड बरा वाटला.

मग त्यांनी सुई घेतली. दोरा एका झटक्यात आरपार गेला. त्यांनी तो पुन्हा काढला आणि पुन्हा ओवला, नुसता मौजेखातर. खिडकीवाल्यांच्या कोटाचं काज झालं. मग त्यांनी कपाट उघडून तो परत आलेला काळा कोट काढला आणि दिव्याखाली पसरला. बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मला हाक मारली. कापडावर खडूची खूण अजून होती, पुसट पांढरी. काज बरोबर तिच्यावर होतं. दोऱ्याइतकंही इकडे नाही, तिकडे नाही. खूणच खाली घसरलेली होती.

सकाळी पहिली तारीख. शिंपी नेहमीपेक्षा लवकर आला, मान खाली घालून, नव्या बाईचं कसं सांगावं या विचारात. सासूबाईंनी दिवा लावला आणि कोट पुढे धरला.

त्यानं पाहिलं. बोटानं खडूची खूण चाचपली. मग तो हळूच जमिनीवर बसला.

"मावशी," तो म्हणाला, "शेवटच्या खुणा मी दिवेलागणीलाच करतो, त्याच पातळ उजेडात. माझा हात गेला असं मला वाटत होतं. मी दुकान विकायला काढलं होतं."

सासूबाईंनी अंगुस्तान बोटात चढवलं.

"नव्या बाईला नको म्हणून कळव," त्या म्हणाल्या, "आणि आजचे कोट आण."